हरकत घेणाऱ्याच्या बाजूने

"हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत" हे वाक्य शासकीय राजपत्रात आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर इतक्या वेळा छापले जाते की, ते लिहिणाऱ्यालाही त्याचा अर्थ आठवत नसावा. सूचना क्वचितच येतात. येतात त्या हरकती. हरकतीचा अर्ज नस्तीत लागला, त्याला पृष्ठ क्रमांक पडला की, तो लिहिणाऱ्याचे नामांतर होते. काल तो नागरिक होता, आज तो 'विरोधक' झाला. परवा एखाद्या टिप्पणीत त्याचा उल्लेख 'विकासकामात अडथळा आणणारे काही घटक' असा अनेकवचनी होतो आणि तेथे त्याचे माणूसपणही संपते.

ग्रामीण भागातून जाणाऱ्या महामार्गांच्या दोन्ही कडांनी दुकाने, शोरूम, गोदामे, लग्नाची लॉन आणि प्लॉटिंग यांची जी सलग भिंत उभी राहत आहे, तिच्याविरुद्ध हरकत घेणाऱ्या नागरिकाची बाजू मला येथे मांडायची आहे. मी केंद्र सरकारचा नोकर आहे. येथील मते माझी व्यक्तिगत आहेत आणि ती मांडताना मी कोणत्याही कार्यालयाचा प्रवक्ता नाही. परंतु तीस वर्षे नस्त्या वाचल्यानंतर एका निष्कर्षावर मी आलो आहे: या विषयात हरकत घेणारा मनुष्य प्रशासनाने करावयाचे काम विनावेतन करीत असतो आणि त्याबद्दल त्याला शिक्षाही होते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सध्या मी रायपूरला आहे. या शहरातून बाहेर पडणारा कोणताही मोठा रस्ता घ्या. क्रम ठरलेला आहे. आधी पंक्चरचे दुकान आणि चहाची टपरी येते. मग ढाबा येतो. ढाब्याशेजारी ट्रक उभे राहू लागले की धर्मकाटा आणि सुट्या भागांची दुकाने येतात. त्यानंतर पेट्रोल पंप, बांधकाम साहित्याचे ढीग, मॅरेज गार्डन, मोटारींची शोरूम. शेवटी शेताच्या बांधावर रंगीत झेंडे लागतात आणि प्लॉटिंग सुरू होते. पंक्चरवाल्यापासून प्लॉटिंगपर्यंतचा हा प्रवास पूर्वी एका पिढीचा होता, आता तो काही वर्षांत पुरा होतो.

या भिंतीच्या मागे गाव असते. छत्तीसगढमधील गाव म्हणजे धानाची शेती आणि तलाव. धानाच्या शेतात पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उतरत जाते. उतार अतिशय मंद असतो आणि सारा हिशेब काही बोटांच्या फरकावर चालतो. रस्त्यालगतचा भूखंड घेणारा पहिले काम कोणते करतो? मुरूम टाकून जमीन रस्त्याच्या पातळीला आणतो. त्याच्या शेजारचाही तेच करतो. महामार्ग बांधणाऱ्या अभियंत्याने पाण्यासाठी ठेवलेली मोरी त्या भरावाखाली दबते किंवा तिच्या तोंडाशी कोणाची तरी कुंपणभिंत येते. श्रावणात वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबते व रोप कुजते. खालच्या अंगाचा तलाव मात्र भरत नाही. शोरूममध्ये बसलेल्याला यातले काही दिसत नाही, कारण त्याच्या काचेचे तोंड रस्त्याकडे आहे.

हे सर्व गावकऱ्याने लिहून दिले तर काय होते? एका सुनावणीला मी श्रोता म्हणून बसलो होतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ते कोणतेही असू शकले असते. एका वृद्ध शेतकऱ्याने मोरी बंद झाल्याची तक्रार मांडली. त्याला पहिला प्रश्न विचारण्यात आला, "ज्या जमिनीचा प्रस्ताव आहे, तिच्या खसऱ्यात तुमचे नाव आहे का?" त्याचे नाव नव्हते. कसे असेल? त्याची जमीन त्यामागची होती. त्यावर "हरकतदाराचा संबंध दिसून येत नाही" असा शेरा पडला. पाण्याला खसरा क्रमांक कळत नाही, एवढी साधी गोष्ट त्या शेऱ्यात मावली नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीवरील अतिक्रमण हटविण्याचे व रस्त्याला मिळणारे प्रवेशमार्ग नियंत्रित करण्याचे अधिकार 'राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण अधिनियम, २००२' याने दिले आहेत. पण ते अधिकार मुळात महामार्गाच्या हद्दीपुरते आहेत. रस्त्याच्या मध्यरेषेपासून ४० मीटरवर इमारतरेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रणरेषा असावी, असे केंद्रीय मंत्रालयाचे मार्गदर्शन आहे. मात्र हद्दीच्या खांबापलीकडील जमीन राज्याच्या अखत्यारीत येते. तेथे कृषी जमिनीचे अन्य वापरासाठी रूपांतरण, ज्याला महाराष्ट्रात बिनशेती म्हणतात आणि येथे सर्रास 'डायव्हर्शन', ते छत्तीसगढ भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १७२ खाली होते. नियोजन क्षेत्राचा विषय नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ खाली येतो. ना हरकत प्रमाणपत्र ग्रामपंचायत देते.

परिणाम असा की, महामार्गाचा अधिकारी म्हणतो, आमची हद्द खांबापाशी संपते. महसूल अधिकारी म्हणतो, अर्ज नियमानुसार आहे, मी एका खसऱ्याचा विचार करतो, संपूर्ण रस्त्याचा नव्हे. नगर निवेशाचा अधिकारी म्हणतो, हे गाव अद्याप नियोजन क्षेत्रात नाही. सरपंच म्हणतो, कागद आला, मी सही केली. प्रत्येकाचे उत्तर त्याच्या नियमपुस्तकाप्रमाणे बरोबर आहे आणि चारही उत्तरे एकत्र केली तर ती भिंत उभी राहते. संपूर्ण रस्त्याचा विचार करणारा या साखळीत एकच आहे, तो म्हणजे हरकत घेणारा. त्याला मात्र विचारले जाते की, तुमचा संबंध काय.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. महामार्ग ही सार्वजनिक पैशाने निर्माण केलेली वस्तू आहे. तिचा उपयोग एकच: दूर अंतर विनाव्यत्यय कापणे. रस्त्याला जोडलेला प्रत्येक नवा प्रवेशमार्ग, रस्त्यावर उलट येणारी प्रत्येक दुचाकी, मध्येच थांबणारा प्रत्येक ट्रक त्या उपयोगातून थोडे काढून घेतो. जो काढून घेतो त्याला त्याची किंमत द्यावी लागत नाही; ती मागून येणाऱ्या हजारो वाहनांना वेळेच्या, इंधनाच्या आणि प्राणांच्या रूपात द्यावी लागते. केंद्रीय मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्के आहे आणि मृत्यूंत छत्तीस टक्के. यातील सर्व मृत्यू कडेच्या बाजारामुळे झाले असे मी म्हणत नाही. वेग, मद्य, हेल्मेटचा अभाव ही कारणे आहेतच. पण वेगाने जाण्यासाठी बांधलेल्या रस्त्याचा बाजारपेठेतील गल्लीसारखा वापर होऊ दिला, तर तेथे माणसे मरणार, हे समजण्यास संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरे असे की, रस्ता झाल्यावर कडेच्या जमिनीचा भाव वाढतो. या वाढीत जमीनमालकाच्या श्रमाचा अंश नसतो. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये खंडाचा सिद्धान्त मांडला आणि हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' लिहून हा प्रश्न राजकारणाच्या चव्हाट्यावर आणला. समाजाच्या खर्चाने वाढलेले मूल्य समाजाकडे परत यावे, हा विचार जहाल नाही. तो पाठ्यपुस्तकी आहे. आपल्याकडे मात्र खर्च सरकारी, वाढ खासगी आणि नंतर होणाऱ्या गर्दीचा निस्तार पुन्हा सरकारी, असा व्यवहार चालतो. शिवाय ही वाढ मूळ शेतकऱ्याच्या पदरात पडते असेही नाही. रस्त्याची आखणी कोठून जाणार हे ज्याला आधी कळते, तो आधी जमीन घेतो. रायपूर-विशाखापट्टणम या भारतमाला मार्गिकेच्या भूसंपादनात जमिनीचे कागदोपत्री लहान तुकडे पाडून वाढीव मोबदला उचलल्याचे आरोप झाले आणि २०२५ मध्ये राज्याच्या आर्थिक गुन्हे अन्वेषण यंत्रणेकडे तपास गेला. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण आखणीची माहिती हाच सर्वांत मोलाचा माल आहे, हे सांगायला न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

निस्तार पुन्हा सरकारी कसा, ते रायपुरातच पाहावे. नागपूरहून येणारा ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि २०१० च्या नव्या क्रमांकनानंतरचा ५३, हा शहराच्या मध्यातून, जयस्तंभ चौकातून जात असे. तो बाजार झाला. म्हणून शहराला वळसा घालणारा रिंग रोड आला. आज त्या रिंग रोडच्या दोन्ही बाजूंनी शहर आहे. दुर्ग आणि रायपूर यांच्यामधील रस्ता जवळजवळ एक सलग वस्ती बनला. तेथे कुम्हारी, पॉवर हाऊस, सुपेला येथे उड्डाणपूल बांधावे लागले. आणि आता या सर्वांना वळसा घालणारी दुर्ग-रायपूर-आरंग ही सुमारे ९२ किलोमीटरची सहापदरी मार्गिका भारतमालेत घेतली गेली. म्हणजे रस्ता, त्याला वळसा, वळशाला वळसा. प्रत्येक वळशासाठी नव्या गावांची धानाची शेते संपादित होतात. त्या गावातील एखादा मनुष्य उठून म्हणतो, "या रस्त्याच्या कडेला तरी हे होऊ देऊ नका", तेव्हा तो विकासाला विरोध करीत नसतो. तो आपल्याला तिसऱ्यांदा तोच खर्च करण्यापासून वाचवू पाहत असतो.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. बाजार रस्त्याच्या कडेलाच वाढतात, हा इतिहास आहे. मग आजच्या कडेच्या बाजाराला नावे का ठेवता? रायपूरच्या सदर बाजारातून माझे नेहमी जाणे होते. १८१८ नंतर ब्रिटिश देखरेखीखाली छत्तीसगढचा कारभार रतनपूरहून रायपूरला आला आणि या गावाची पेठ वाढत गेली. सदर बाजार ही तेथील सराफ्याची जागा. अरुंद रस्ता, दोन्ही हातांना सराफांच्या पेढ्या, मधूनच जैन मंदिर, थोडे पुढे गेले की गोल बाजार. हाही रस्त्याच्या कडेचाच बाजार आहे, हे मी नाकारत नाही.

परंतु फरक पाहा. सदर बाजारात रस्ता बाजारासाठी आहे. तेथे येणारा तेथेच येतो. जुन्या पेठेत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रीत होती; गर्दी, गोंगाट, तुंबलेले गटार यांचा त्रास व्यापाऱ्याला स्वतःलाच होई, म्हणून त्याची काळजीही तोच वाही. थोड्या जागेत शेकडो कुटुंबांची पोटे भरतात, आणि गिऱ्हाईक एका पेढीतून दुसऱ्या पेढीत पायी जाऊन भाव ताडून पाहते. महामार्गाच्या कडेला याच्या उलट आहे. तेथील रस्ता दुसऱ्या कोणासाठी बांधलेला आहे, दुकानाचा मालक रात्री शहरात झोपायला जातो, त्रास गावाला आणि प्रवाशाला होतो, एका शोरूमला एकरभर जागा लागते आणि मोटारीवाचून तेथे पोहोचता येत नाही. पेठ दाट असते. ही भिंत विरळ आणि लांब असते. पेठेला पाठ आणि पोट दोन्ही असतात. हिला फक्त तोंड आहे. सदर बाजाराचा दाखला देऊन महामार्गाच्या कडेचे समर्थन करणाऱ्याने आधी त्या बाजारातून एकदा पायी चालावे. उलट असे म्हणता येईल की, कडेच्या या पसाऱ्याचा पहिला बळी जुनी पेठच आहे. नवी शोरूम बाहेर गेली की गिऱ्हाईक बाहेर जाते, आणि मग जुन्या पेठेत वाहनतळ नाही, गटार नाही, याकडे लक्ष द्यायला कोणालाच सवड उरत नाही.

ही समस्या आपण शोधून काढलेली नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर सरकारी खर्चाने नवे हमरस्ते झाले आणि त्यांच्या कडेने घरे व दुकाने फितीसारखी पसरली. तेथील पार्लमेंटने १९३५ साली या फितीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो कायदा परिपूर्ण नव्हता. पण रस्त्याची कडा हा सार्वजनिक हिताचा विषय आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला, तेव्हा त्याला कुंपण घालून आणि प्रवेश मोजक्या ठिकाणी ठेवून आपणही तेच तत्त्व स्वीकारले. त्याच घाटातला जुना रस्ता आणि हा नवा रस्ता शेजारी शेजारी आहेत. तुलना कोणीही करावी. म्हणजे उपाय आपल्याला ठाऊक आहे. तो फक्त द्रुतगती मार्गांसाठी राखून ठेवला आहे आणि साध्या महामार्गालगतच्या गावांना वाऱ्यावर सोडले आहे.

इच्छाशक्तीचा प्रश्न किती खोल आहे, हे दारूच्या दुकानांनी दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने असू नयेत, असा आदेश दिला. त्यावर अनेक ठिकाणी दुकाने हलविण्याऐवजी रस्ताच हलविण्यात आला, अर्थात कागदावर. चंदीगडने आपल्या रस्त्यांचा दर्जा बदलला; महाराष्ट्रासह काही राज्यांत शहरांतून जाणारे राज्य महामार्ग स्थानिक संस्थांच्या नावे वर्ग करण्याची धडपड झाली. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्वतःच नगरपालिका हद्दीतील रस्त्यांना हा आदेश लागू नाही असे स्पष्ट केले. आदेशाच्या गुणदोषांबद्दल मतभेद असू शकतात. पण ज्या प्रशासनाला मोरी मोकळी करायला वर्षे लागतात, तेच प्रशासन रस्त्याचे वर्गीकरण काही आठवड्यांत बदलू शकते, ही गोष्ट हरकत घेणाऱ्या नागरिकाने नीट लक्षात ठेवावी. यंत्रणा संथ नाही. तिचे प्राधान्य वेगळे आहे.

मग हरकतींचा काही उपयोग होतो का? होतो, आणि त्याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. गोव्याचा प्रादेशिक आराखडा २०११ हा २००६ मध्ये अधिसूचित झाला, तेव्हा शेती, डोंगरउतार आणि बागायतींचे मोठे पट्टे वस्ती क्षेत्रात दाखविल्याचे नागरिकांनी नकाशे वाचून दाखवून दिले. 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले आणि २००७ च्या आरंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या, २०२१ च्या आराखड्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या सहभागाने कृतिदल नेमले गेले आणि गावागावांतून सूचना मागविण्यात आल्या. तोही आराखडा २०१२ मध्ये स्थगित झाला, ही त्याची शोकांतिका. पुढे २०२३ मध्ये नगर नियोजन कायद्यात 'दुरुस्ती'च्या नावाखाली एकेका भूखंडाचा वापर बदलण्याची वाट काढली गेली आणि तिच्या नियमांना मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. या वीस वर्षांच्या कथेचे सार एवढेच की, आराखडा सर्वांसमोर होतो, पण त्याचा भंग एकेका भूखंडाने, एकेका नस्तीत होतो. म्हणून हरकतही एकदा घेऊन भागत नाही.

दुसरे उदाहरण समृद्धी महामार्गाचे. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, ३९२ गावे. २०१६-१७ मध्ये ठाणे, नाशिक, औरंगाबाद जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी मोजणी अडविली, तेव्हा "शेतकऱ्यांना रस्ता नको आहे" असे चित्र रंगविले गेले. वस्तुतः योजनेत केवळ रस्ता नव्हता. रस्त्यालगत वीसहून अधिक 'नवनगरे' आखलेली होती आणि भूसंचय योजनेत जमीन देणाऱ्याला त्या नगरांत विकसित भूखंड मिळणार होता. शेतकरी विचारत होते की, रस्त्याला जमीन लागते हे समजले, पण नगराला आमची बागायत का? न झालेल्या शहरातील भूखंडावर आम्ही विश्वास कसा ठेवावा? सरकारला अखेर थेट खरेदीचा मार्ग काढून रोख मोबदला द्यावा लागला आणि नवनगरांची संख्याही कमी करावी लागली. महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता पुरा झाला, नवनगरे मात्र मागे राहिली. ज्यांना 'अडथळा' म्हटले गेले, त्यांनी रस्ता आणि रस्त्याची कडा यांत भेद केला होता. तो भेद नियोजनकारांनी करायला हवा होता.

आता उरलेल्या आक्षेपांकडे वळतो. पहिला: शेतकऱ्याला आपली जमीन चांगल्या भावाने विकण्याचा हक्क नाही काय? आहे. धानाच्या हमीभावावर जगणाऱ्याला जमिनीच्या भावाचा मोह सोडा, असा उपदेश दरमहा पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याने करू नये. परंतु मालकी हक्क म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात पाणी तुंबविण्याचा हक्क नव्हे. आणि भाव खरोखर शेतकऱ्याला मिळावा असे वाटत असेल, तर आखणीची माहिती सर्वांना एकाच दिवशी मिळावी आणि वाढीव मूल्यातला वाटा मूळ मालकाला मिळावा, ही मागणी त्याच्या बाजूची आहे. ती आजवर हरकत घेणाऱ्यांनीच केली आहे, दलालांनी नव्हे.

दुसरा: गावातील तरुणांना रोजगार मिळतो. मिळतो, हेही खरे. पण बहुतेक ठिकाणी तो पहारेकऱ्याचा, हमालाचा, ढाब्यावरच्या पोराचा. ज्याने जमीन विकली त्याचाच मुलगा त्या जमिनीवरील गोदामाच्या फाटकाशी गणवेश घालून उभा असतो. हा रोजगार तुच्छ नाही. पण त्याच्यासाठी सबंध रस्ता द्यावा लागत नाही. तीच दुकाने, तीच गोदामे ठरावीक अंतरावर, सेवारस्त्यावर, गावाच्या सोयीच्या ठिकाणी एकत्र वसविली, तर रोजगार तेवढाच राहतो. उलट गावाला चालत जाता येईल असा बाजार मिळतो.

तिसरा आक्षेप टपरीवाल्यांचा. कडेच्या पसाऱ्याविरुद्ध बोलले की, पहिला हातोडा चहाच्या टपरीवर पडतो आणि दुमजली शोरूम 'नियमितीकरणासाठी प्रलंबित' राहते. हे मी पाहिले आहे आणि याची मला चीड आहे. ट्रकचालकाला चहा, जेवण, अंग टेकायला जागा लागते. समृद्धी महामार्ग सुरुवातीला या सोयींवाचून खुला झाला, तेव्हा प्रवाशांनी केलेली तक्रार रास्त होती. टपरी ही गरज आहे. तिला जागा नेमून द्यावी. नागरिकांच्या हरकतीचा वापर गरिबाला उठविण्यासाठी करणे हा हरकतीचा अपमान आहे.

आणि नियमितीकरण! छत्तीसगढने अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा कायदा २००२ मध्ये केला आणि नंतर त्यात सुधारणा करून तो पुन्हा पुन्हा जिवंत केला. महाराष्ट्राने गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदतरेषा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. डोक्यावर छप्पर शोधणाऱ्या कुटुंबासाठी अशा कायद्यांचे समर्थन करता येते. परंतु व्यापारी बांधकामाला शुल्क भरून तोच दिलासा मिळाला, तर नियम हा नियम राहत नाही. तो एक दरपत्रक बनतो. ज्याने परवानगीची वाट पाहिली तो मूर्ख ठरतो, ज्याने आधी बांधले तो व्यवहारी ठरतो आणि ज्याने हरकत घेतली तो शत्रू. अशा दरपत्रकाने राज्याला महसूल मिळतो हे खरे. पण तो महसूल पुढच्या वळणरस्त्याच्या भूसंपादनात किती दिवस पुरतो, याचा हिशेब कोणत्याही अर्थसंकल्पात मांडलेला मी पाहिलेला नाही.

केवळ दोष दाखवून थांबणे प्रशासकाला शोभत नाही. म्हणून काही स्पष्ट मागण्या. रस्त्याची आखणी अधिसूचित होईल त्याच दिवशी कडेच्या पट्ट्याचा वापरनकाशाही प्रसिद्ध व्हावा. नकाशाशिवाय आखणी अपुरी समजावी. त्या दिवसाच्या आधीच्या तीन वर्षांतील जमीन खरेदीचे व्यवहार, खरेदीदारांसह, पंचायतीच्या फलकावर लावावेत. नियंत्रणरेषेच्या आत रूपांतरणाचा अर्ज आला, तर महसूल अधिकाऱ्याने महामार्ग आणि नगर निवेश या दोन्ही कार्यालयांचे लेखी मत घेतल्याखेरीज आदेश देऊ नये, आणि पाण्याच्या निचऱ्याचे परीक्षण स्थळावर, पावसाळ्यात व्हावे. पंचायतीचे ना हरकत प्रमाणपत्र सरपंचाच्या सहीने नव्हे, तर ग्रामसभेच्या ठरावाने मिळावे. वाढीव मूल्यावर आकार घ्यावा आणि तो राजधानीच्या तिजोरीत न जाता त्याच गावाच्या मोऱ्या, तलाव आणि रस्ता ओलांडण्याच्या पुलांवर खर्च व्हावा.

आणि शेवटची मागणी, जिला एक पैसाही लागत नाही: प्रत्येक हरकतीला सकारण उत्तर. १९७३ चा अधिनियम विकास योजनेच्या मसुद्यावर हरकतींसाठी तीस दिवस देतो. तीस दिवसांत शेतकऱ्याने नकाशा मिळवावा, तो समजून घ्यावा, शेतीची कामे टाकून शहरात यावे आणि अर्ज द्यावा, अशी आपली अपेक्षा असते. त्याबदल्यात त्याला मिळते "विचार करण्यात आला, मान्य करता येत नाही" एवढे एक वाक्य. काय विचार करण्यात आला? कोणी केला? मान्य का करता येत नाही? हे तीन प्रश्न विचारण्याचा त्याचा हक्क आहे आणि त्यांची उत्तरे देणे हे आमच्या पगाराचे काम आहे.

हरकत घेणारा नेहमी बरोबर असतो, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्यात स्वतःचा भूखंड विकून झाल्यावर निसर्गप्रेमी झालेले असतात. शेजाऱ्याचे भाऊबंदकीचे उट्टे काढणारेही असतात. पण त्यांचे खोटे सुनावणीत उघडे पडते, कारण ते लेखी असते आणि त्याखाली सही असते. ज्यांनी ही भिंत उभी केली त्यांनी कोठेही लेखी म्हणणे मांडलेले नाही. त्यांना त्याची गरजच पडली नाही. सार्वजनिक हिताबद्दल जो आपले नाव-गाव लिहून, सही करून बोलतो, त्याला संशयिताच्या पिंजऱ्यात उभे करायचे आणि जो न बोलता बांधतो त्याला विकासक म्हणायचे, ही प्रथा ज्या कार्यालयात आहे, तेथे "हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत" हे वाक्य छापण्यावर होणारा खर्च तरी वाचवावा.